लग्नाला फोटोग्राफर ठरवलेला असताना पाहुण्यांनी मोबाईल काढावा की नाही?

गोदाकाठ (धागाकर्ता)

वैशाखात परभणीला माझ्या पुतणीचे लग्न आहे. यादी करायला दोन्हीकडची मंडळी बसली तेव्हा आहेर, जेवण, वरात या नेहमी अडणाऱ्या गोष्टी चहा संपायच्या आत मिटल्या आणि अडले ते मोबाईलवर. नवरदेव पुण्यात नोकरीला आहे. त्याचे म्हणणे असे की फोटो आणि शूटिंगसाठी एवढे पैसे मोजून माणसे आणली आहेत, तर मुहूर्ताच्या वेळी एकाही पाहुण्याने मोबाईल वर करू नये आणि तशी सूचना पत्रिकेतच छापावी. हे ऐकून माझ्या भावाला घामच फुटला. ज्या सोयऱ्यांच्या घरी जाऊन, कुंकू लावून आमंत्रण द्यायचे, त्यांनाच पत्रिकेतून तंबी कशी द्यायची, हा त्याचा प्रश्न आहे.

मला दोन्ही म्हणणी अर्धीच पटतात. मंगलाष्टका सुरू झाल्यापासून एकमेकांच्या गळ्यात हार पडेपर्यंतचा वेळ हा पाहुण्याच्या कामाचा वेळ आहे, कारण त्याला बोलावलेले असते ते अक्षता टाकायला. अलीकडे उजव्या हातात मोबाईल, डाव्या हाताने अक्षता, आणि त्याही वधूवरांपर्यंत न पोहोचता पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टोपीवर, हे दृश्य सर्रास दिसते. तेवढा वेळ मोबाईल खिशात राहावा आणि त्याच्या आधी किंवा नंतर ज्याला जे टिपायचे ते त्याने खुशाल टिपावे, असे माझे मत आहे. मात्र पाहुण्यांच्या मोबाईलमुळे फोटोग्राफरला खरोखर अडचण होते, की तो केवळ शहरातून आलेला एक नखरा आहे, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

लातूरचा_लेन्सवाला

हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे उत्तर एकतर्फी वाटेल, तरीही लिहितो. अडचण होते, पण लोकांना वाटते ती नव्हे. पाहुण्याने फोटो काढला म्हणून माझे गिऱ्हाईक कमी होत नाही. अडचण तो कुठे उभा राहतो याची आहे.

मोबाईलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सएवढे रुंद दृश्य पाहतो. त्यामुळे नवरी-नवरदेव चौकटीत मोठे दिसावेत म्हणून पाहुण्याला पुढे, आणखी पुढे, शेवटी स्टेजच्या पायरीपर्यंत यावे लागते. माझा एक माणूस मात्र ७०-२०० ची, म्हणजे लांबूनही जवळचे दाखवणारी लेन्स घेऊन मधल्या वाटेच्या मागच्या टोकाला उभा असतो. त्याच्या आणि अंतरपाटाच्या मध्ये जेवढे हात वर होतात तेवढे त्याच्या फोटोत येतात. अंतरपाट बाजूला होणे, अक्षतांचा पाऊस पडणे आणि पहिला हार गळ्यात जाणे हे सगळे काही सेकंदांत उरकते. उडत्या अक्षता गोठवायच्या तर शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावे लागते, आणि त्या घाईत जागा बदलायला वाव नसतो.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत आम्ही मोठे दिवे लावतो. काही जण ते स्लेव्ह मोडवर ठेवतात, म्हणजे दुसरा कुठलाही फ्लॅश उडाला की तेही उडतात. मोबाईलचा दिवा त्यांना सहसा चेतवत नाही. पण नात्यातला एखादा हौशी मुलगा स्वतःचा कॅमेरा आणि फ्लॅश घेऊन आला, तर त्याच्या प्रत्येक फोटोला आमचे दिवे उडतात आणि पुन्हा भरायला वेळ घेतात. नेमक्या त्याच क्षणी मी बटण दाबले असेल, तर फोटो काळा येतो. रेडिओ ट्रिगर, म्हणजे रेडिओ लहरींनी फक्त आमच्याच कॅमेऱ्यावरून दिवे उडवणारे उपकरण वापरले की ही कटकट संपते, त्यामुळे इसार देण्याआधी फोटोग्राफरला याबद्दल अवश्य विचारावे.

तिसरी गोष्ट नजरेची. घरच्या मंडळींचा समूहफोटो काढताना माझ्या दोन्ही बाजूंना दहा-बारा मोबाईल उभे राहिले की मामा एका मोबाईलकडे पाहतात, मावशी दुसऱ्याकडे, आणि लहान मुले तर कुणाकडेच पाहत नाहीत. आधी मला दोन फोटो काढू द्यावेत, मग मी बाजूला होतो आणि बाकीच्यांनी हवे तितके काढावेत, ही विनंती मी प्रत्येक लग्नात करतो. ती बहुतेक ठिकाणी ऐकलीही जाते.

म्हणून धागाकर्त्यांशी माझा थोडा मतभेद आहे. बंधन वेळेचे न घालता जागेचे घालावे. मंगलाष्टका चालू असतानाही खुर्चीत बसून, मोबाईल छातीपाशी धरून कुणी फोटो काढला, तर माझे काहीही बिघडत नाही.

वसमतची_लेक

लेन्सवाल्यांचे म्हणणे वाचले. नवरीच्या बाजूने मलाही काही सांगायचे आहे. माझ्या लग्नातल्या फोटोग्राफरने फोटो फार सुरेख काढले होते, पण अल्बम हातात यायला पुढची लग्नसराई उजाडली, आणि हळदीच्या दिवसाचे बरेचसे फोटो हार्ड डिस्क बिघडल्यामुळे गेले ते गेलेच. आज माझ्याकडे हळदीचे जे काही आहे ते आत्याच्या आणि चुलत बहिणींच्या मोबाईलमधले आहे. काही हललेले आहेत, एकात आत्याचे बोट आले आहे, पण तेल-हळद लावताना आजी काय पुटपुटत होती ते त्यातल्या एका व्हिडिओत ऐकू येते.

फोटोग्राफर कितीही चांगला असला तरी तो पैसे घेऊन स्टेजला बांधलेला असतो. कानपिळीच्या वेळी भावाने जावयाचा कान धरून काय मागितले, रुखवत मांडताना कुणी कुणाला टोमणा मारला, विहिणींच्या पंगतीत आग्रह कसा चालला होता, झाल झाल्यावर वडील मांडवाच्या मागे कुठे जाऊन बसले, हे त्याच्या यादीत नसते. तिथे घरची माणसेच असतात. सूनमुखाचा फोटो माझ्या अल्बममध्ये आहे, परंतु आरशात माझा चेहरा ज्यात स्पष्ट दिसतो तो फोटो नणंदेने काढलेला आहे, कारण तिला त्या अरुंद देवघरात माझ्या खांद्यापाशी बसता आले आणि फोटोग्राफर दाराबाहेर राहिला.

तेव्हा सरसकट मनाई करणाऱ्यांनी, उद्या आपल्याला नेमके कोणते फोटो हवेसे वाटणार आहेत, याचा थोडा विचार करावा.

निवृत्त_मास्तर

आमच्या वेळी अंबाजोगाईहून फोटोग्राफर यायचा तेव्हा त्याच्याजवळ ३६ फोटोंचा एक रोल असायचा, फार तर दोन. कोणाचा फोटो काढायचा हे घरचा कर्ता ठरवायचा आणि त्यावरूनही रुसवे व्हायचे, हे आजच्या पिढीला माहीत नसावे. मोबाईल आल्यापासून निदान तो रुसवा तरी संपला.

पत्रिकेत सूचना छापण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडे पत्रिका देवापुढे ठेवून मग वाटायला काढतात. तिच्यावर "मनाई" हा शब्द शोभत नाही. पाहुण्याला जे सांगायचे ते तोंडी, नम्रपणे आणि यजमानांच्या वतीने कुणी वडीलधाऱ्याने सांगावे. फोटोग्राफरने तर मुळीच सांगू नये. त्याने सांगितले की पाहुण्याला ते लागते.

धारूर_घाट

या चर्चेत एक वर्ग सुटतो आहे. आमच्या बीड जिल्ह्यातले हजारो लोक ऊसतोडीला जातात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्चच्या आसपास परततात. त्यामुळे गावाकडची लग्ने चैत्र-वैशाखात दाटीने होतात, एका तिथीला चार-चार लग्ने असतात आणि प्रत्येक ठिकाणी पोहोचणे कुणालाच शक्य नसते. चाकण किंवा वाळूजच्या कंपनीत पाळीवर असलेल्या भावाला सुटी मिळत नाही. तो बहिणीचे लग्न कुणाच्या तरी मोबाईलवरच्या व्हिडिओ कॉलवर पाहतो. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला फक्त २५ माणसे आणि दोन तासांची मर्यादा होती, तेव्हा तर मांडवातला एक मोबाईल हाच बाकीच्या सगळ्या गणगोताचा मांडव होता. तो मोबाईल खाली ठेवा असे कोण म्हणणार होते?

शिवाय सगळ्यांच्याच लग्नात कॅन्डिड फोटो, ड्रोन आणि एलईडी पडदा असतो असे नाही. सामुदायिक विवाह सोहळ्यात एका मांडवाखाली अनेक जोडपी बसतात आणि आयोजकांचा फोटोग्राफर बव्हंशी व्यासपीठावरच्या मान्यवरांचे फोटो काढत असतो. तिथे आपल्या पोरीच्या गळ्यात हार पडतानाचा फोटो हवा असेल, तर तो मामानेच काढावा लागतो. पुढे विवाहनोंदणीला पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागतात, तेव्हा हाच फोटो कामाला येतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. धारूर घाट यांचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. व्हिडिओ कॉलसाठी एक मोबाईल तिवईवर, स्टेजच्या बाजूला, ठरवून ठेवता येईल असे वाटते. म्हणजे दहा जणांनी दहा ठिकाणांहून कॉल लावायला नको.

परंतु लेन्सवाल्यांच्या "जागेचे बंधन" या मुद्द्यानंतरही मी वेळेच्या बंधनावरच ठाम आहे, कारण माझी तक्रार फोटोग्राफरच्या वतीने नव्हतीच. अमेरिकेतील फेअरफिल्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयात नुसत्या पाहिलेल्या वस्तूंच्या तुलनेत, ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या लोकांना कमी लक्षात राहिल्या, असे त्यात आढळले. गंमत अशी की वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढणाऱ्यांच्या बाबतीत ही घट दिसली नाही. पुढे २०१७ मध्ये अलिक्झांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे चित्र मांडले: स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले अधिक चांगले आठवते, पण ऐकलेले कमी आठवते.

मंगलाष्टका या मुळात ऐकायच्या असतात. शार्दूलविक्रीडितातला तो ठेका, मधेच आत्याने स्वतः रचलेले आणि वृत्तात जेमतेम बसणारे कडवे, त्यात गुंफलेली माहेर-सासरची नावे आणि शेवटचे "सावधान", हे सगळे कानाचे आहे. संग्रहालयातले निष्कर्ष मांडवाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत हे मान्य, पण खुर्चीत बसून, कुणालाही आडवे न येता मोबाईल धरणारा पाहुणासुद्धा त्या वेळी ऐकत नसतो, असा माझा अनुभव आहे. फोटोग्राफरची सोय जागेने होईल, माझ्या पुतणीच्या आत्याचे कडवे ऐकले जाण्याची सोय वेळेनेच होईल.

काळा_कोट_धाराशिव

कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्या फोटोचा पहिला मालक काम सांगणारा असतो, म्हणजे येथे वधू किंवा वर पक्ष. पाहुण्याने स्वतःहून काढलेल्या फोटोचे तसे नाही; कायद्याच्या दृष्टीने फोटो काढणारी व्यक्तीच त्याची कर्ती असते. म्हणजे पैसे दिलेल्या फोटोग्राफरवर यजमानाचा जेवढा हक्क चालतो, तेवढा फुकट फोटो काढणाऱ्या मेहुण्यावर चालत नाही.

व्यवहारात मात्र पुष्कळ फोटोग्राफर पावतीच्या मागे बारीक अक्षरांत "फोटो जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क आमच्याकडे राहील" असे छापतात, आणि तोच तो विरुद्ध करार ठरू शकतो. इसार देण्यापूर्वी पावती उलटून पाहावी. काही करारांत पाहुण्यांच्या अडथळ्यामुळे फोटो हुकल्यास जबाबदारी आमची नाही, असेही कलम असते. ते मला अन्यायाचे वाटत नाही, कारण पाहुणे यजमानाचे आहेत, फोटोग्राफरचे नाहीत.

वसमतची_लेक

काळा कोट यांनी मेहुण्याचे उदाहरण दिले म्हणून हे लिहावेसे वाटले. माझ्या पहिल्या प्रतिसादावरून मी पाहुण्यांच्या मोबाईलची सरसकट बाजू घेते असे कुणी समजू नये. हळदीला आणि वरातीत नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ त्यांना न विचारता रील म्हणून चढवले जातात आणि खाली अनोळखी लोकांच्या टिप्पण्या येतात. आमच्याकडे एका मुलीचे त्यावरून घरात बरेच ऐकून घेणे झाले, व्हिडिओ काढणाऱ्याला मात्र कुणी एक शब्द बोलले नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा व्यक्तीच्या निव्वळ खाजगी किंवा घरगुती वापराला लागू होत नाही, तेव्हा नात्यातल्या मोबाईलचा बंदोबस्त नात्यातच करावा लागणार. माझ्या मते मुहूर्ताच्या क्षणापेक्षा हळदीच्या रात्री सूचना देण्याची गरज जास्त आहे: काढा, पण जिचा काढला तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. यजमानांकडची एखादी जाणती बाई हे मांडवात फिरून सांगू शकते.

लातूरचा_लेन्सवाला

गोदाकाठ यांचा ऐकण्याचा मुद्दा मला मान्य आहे. फोटोग्राफर म्हणून तो माझ्या लक्षात येण्यासारखा नव्हता, कारण त्या वेळी मीही काही ऐकत नसतो.

आता थोडे कडू लिहितो. मोबाईलवाल्या पाहुण्यांपेक्षा मला जास्त अडचण स्टेजवरच्या गर्दीची होते. मुहूर्त जवळ आला की नवरा-नवरीचे मामा आणि गुरुजी यांच्याशिवाय गावातले, तालुक्यातले आणि जिल्ह्यातले पुढारी स्टेजवर येतात. त्यांच्यामागे त्यांचे कार्यकर्ते येतात, आणि त्या कार्यकर्त्यांचे मोबाईल नवरीकडे नसतातच, ते साहेबांकडे असतात. सत्कार लांबला की मुहूर्त टळतो, संध्याकाळचे लग्न असेल तर उजेड जातो आणि मग लॉनवाल्याचे निळे-जांभळे दिवे नवरीच्या तोंडावर येतात. दुपारच्या लग्नात मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचा रंग चेहऱ्यावर पडतो, तो निदान नंतर थोडाफार सुधारता येतो. हा जांभळा सुधारत नाही. पाहुण्यांना मोबाईल खिशात ठेवायला सांगणारा यजमान, स्टेजवर फक्त दोन्ही मामा आणि करवल्या राहतील असे सांगायला धजत असेल, तरच त्या सूचनेला अर्थ आहे.

निवृत्त_मास्तर

लेन्सवाले बरोबर बोलत आहेत. बायकापोरांच्या मोबाईलला शिस्त लावणे सोपे असते, पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला कोण लावणार?

गोदाकाठ

काल पुन्हा बैठक झाली. पत्रिकेत काहीही छापायचे नाही, हे नवरदेवानेही मान्य केले. मंगलाष्टका सुरू होण्यापूर्वी सूत्रसंचालक नव्हे, तर स्वतः गुरुजीच माईकवरून सांगतील की सर्वांनी उजव्या हातात अक्षता घ्याव्यात आणि हार पडेपर्यंत मोबाईल खिशात ठेवावेत. गुरुजींना हे इतके पटले की ते स्वतःहूनही सांगायला तयार होते. त्यानंतर पाहुण्यांना मोकळीक राहील, फक्त मधली वाट आणि स्टेजच्या पायऱ्या रिकाम्या ठेवण्यासाठी दोन्हीकडचे दोन-दोन तरुण उभे राहतील. सत्कार जेवणानंतर होतील, असे भावाने जाहीर केले आहे. ते तो प्रत्यक्ष कितपत पाळेल याची मला शंका आहे. हळदीच्या रात्रीचे काम वहिनीने अंगावर घेतले आहे.

एक प्रश्न उरला आहे. पाहुण्यांनी काढलेले फोटो एकत्र करून त्यातले काही अल्बममध्ये घ्यावेत अशी पुतणीची इच्छा आहे. ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले तर चालतील का?

लातूरचा_लेन्सवाला

नेहमीसारखे पाठवलेले चालणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करते. लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास राहते, आणि ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० ठिपके) छापायचे म्हटले तर त्यातून जेमतेम पाच इंचांचा फोटो निघतो; करिझ्मा अल्बमचे उघडे पान १२ बाय ३६ इंचांचे असते. स्टेटसवरून घेतलेला स्क्रीनशॉट तर अजिबात धरू नका. पाहुण्यांना फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे मूळ आकार आणि काढल्याची वेळ दोन्ही टिकतात, आणि वेळ टिकली की माझ्या माणसांच्या फोटोंबरोबर ते क्रमाने लावता येतात. लग्न झाल्यापासून आठ दिवसांच्या आत मागवा. त्यानंतर मोबाईलमधली जागा भरली म्हणून लोक सगळ्यात आधी दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो पुसतात.